नवी प्रणाली आणि जुनी अक्षरे

गेले वर्षभर आमच्या दुकानात एक वाद चालू आहे. 'आमचे दुकान' म्हणजे मालकीचे नव्हे. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्याच्या बाजारात झेरॉक्स, डी.टी.पी. आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे एक छोटेसे दुकान आहे. महाविद्यालय सुटल्यावर संध्याकाळी मी तेथे मराठी टंकनाचे काम करते. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. वादाचा विषय असा, की दुकानातल्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली घालावी, की जुनीच चालू ठेवावी?

विषय वाचून काही वाचकांना हसू येईल. कला शाखेच्या वार्षिक अंकात कविता असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, फार तर परीक्षापद्धतीवर चार कडू शब्द असावेत. विंडोज दहा की विंडोज अकरा, याचे येथे काय काम? मलाही आधी तसेच वाटत होते. परंतु वाद जसजसा पुढे सरकला तसतसे माझ्या लक्षात येत गेले, की हा प्रश्न यंत्राचा कमी आणि त्या यंत्रावर कोणाचे काय ठेवलेले आहे याचा अधिक आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी परिस्थिती सांगते. दुकानात दोन संगणक आहेत. पुढच्या टेबलावरचा २०१६ साली घेतलेला. त्यावर विंडोज १० आहे आणि दिवसभर लोकांचे अर्ज त्यावरच भरले जातात. मागचा त्याहूनही जुना. त्यावर विंडोज ७, पेजमेकर आणि मराठी अक्षरांचा एक जुना संच आहे. लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांच्या पावत्या, सोसायट्यांचे अहवाल आणि कलिन्याच्या विद्यानगरीतून येणारे मराठी प्रबंध, हे सारे त्या मागच्या संगणकावर जन्माला येते.

विंडोज ७ साठी कंपनीकडून मिळणारी नियमित दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्याआधीच, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, विंडोज ११ आली होती; पण तिच्या अटी कडक आहेत. टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, निदान ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी जागा हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली, आणि आमचा संगणक २०१६ चा! म्हणजे एका वर्षाने नापास. आपल्या विद्यापीठात निदान ए.टी.के.टी. तरी मिळते, येथे तीही सोय नाही.

यावर दुकानात दोन पक्ष पडले. काकांचे म्हणणे साधे. "अगं, चालतंय ना? मग चालू दे. पंखा जुना झाला म्हणून कोणी छत बदलतं का?" दुरुस्तीला येणारा मुलगा दुसऱ्या टोकाचा. "काका, दोन्ही डबे भंगारात द्या आणि नवे घ्या. सुटाल." मी अर्थात त्या मुलाच्या बाजूची. एकोणिसाव्या वर्षी नवे ते चांगले, यापलीकडे आपला विचार सहसा जात नाही. काकांना मी मनातल्या मनात जुन्या वळणाचे म्हणून मोकळी झाले होते. पुढे दोन्ही पक्षांचे थोडे थोडे चुकते आहे असे मला दिसू लागले. ते कसे, तेच येथे मांडते.

प्रथम काकांच्या म्हणण्याकडे पाहू. दुरुस्ती थांबली म्हणजे संगणक बंद पडतो असे नाही. तो कालच्यासारखाच सुरू होतो, कालच्यासारखाच चालतो. आणि म्हणूनच धोका दिसत नाही. कोणतीही कार्यप्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींचा मजकूर. त्यात चुका राहतातच. चुका सापडल्या की कंपनी त्या बुजवते आणि दर महिन्याला ठिगळे पाठवते. जुन्या प्रणालीची ठिगळे थांबली तरी तिच्यातली भोके थांबत नाहीत. उलट नव्या प्रणालीसाठी आलेले ठिगळ पाहून, तेच भोक जुन्या प्रणालीत कोठे असेल, हे चोराला अधिक सहज कळते. शेजारच्याने कुलूप बदलले की त्याचे जुने कुलूप कसे उघडत होते हे सगळ्या गल्लीला कळावे, आणि आपल्या दाराला मात्र तेच कुलूप असावे, तसा हा प्रकार आहे.

हे पुस्तकी भय नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातले संगणक बंद पाडले. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ कंपनीने मार्च २०१७ मध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले. महिन्याभराने, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा हल्ला युक्रेनमधून सुरू झाला. त्याने तेच भोक वापरले, शिवाय चोरलेल्या परवलीच्या शब्दांचाही वापर केला, आणि तो थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत येऊन पोहोचला. तेथील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कोठे युक्रेनमधले हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि कोठे न्हावाशेव्याचा धक्का! पण तारेने जोडलेल्या जगात ही अंतरे उरलेली नाहीत.

"आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" असे काका विचारतात. या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. दुकानाचे स्वतःचे खरोखरच फारसे काही नाही. पण त्या पुढच्या संगणकाच्या 'डाउनलोड्स' नावाच्या कप्प्यात काय आहे? वाकोल्यातल्या, गोळीबारातल्या, कलिन्यातल्या माणसांची आधार कार्डे आहेत, पॅन कार्डे आहेत, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या मुलीचा फोटो आहे. त्यातली बरीच माणसे स्वतः अर्ज भरू शकत नाहीत म्हणून तर येथे येतात. कागद टेबलावर ठेवतात, मोबाइलवर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवतात आणि निर्धास्तपणे घरी जातात.

दोन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा प्रवेश-अर्ज याच टेबलावर भरला गेला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अर्जातला रकाना कोणता आणि कागद कोणता, हे घरात सांगणारे कोणी नव्हते. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून काकांच्या पुढ्यात ठेवले, एवढेच. त्या दिवशी आम्ही काकांवर विश्वास ठेवला होता. ज्या संगणकाचे कुलूप कोणी तपासत नाही त्याच्यावर नव्हे. म्हणून "चालतंय ना" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. स्वतःच्या घराचे दार उघडे टाकण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याची ठेव घरात असेल तर तो उरत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. सगळे भंगारात द्या आणि नवे आणा, म्हणजे सुटाल! सुटका इतकी स्वस्त नसते. त्याचे उदाहरण आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. त्याच २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सुरू केली. कल्पना वाईट नव्हती. परंतु लाखो उत्तरपत्रिका, न सरावलेले परीक्षक आणि अपुरी तयारी यांची गाठ पडली. निकाल महिनोन् महिने रखडले. परदेशी किंवा इतर विद्यापीठांत प्रवेश घ्यायला निघालेले विद्यार्थी गुणपत्रिकेवाचून खोळंबले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कलिन्याचे हे प्रकरण आपल्या प्राध्यापकांना अधिक आठवत असेल. त्यांतल्या कित्येकांनी त्या पडद्यासमोर बसून उत्तरपत्रिका तपासल्या असतील.

म्हणजे पाहा, एकाच वर्षात, एकाच शहराच्या परिसरात दोन धडे मिळाले. जुने तसेच ठेवण्याचा धोका किती लांबून येतो हे बंदराने दाखवले, आणि नवे घाईने आणण्याचा फटका किती जवळ बसतो हे विद्यापीठाने. दोन्हीकडे भरडला गेला तो शेवटच्या टोकाचा माणूस. एकीकडे मालाची वाट पाहणारा, दुसरीकडे निकालाची.

नव्याविषयीचा माझा उत्साह ओसरला तो मात्र या धड्यांमुळे नव्हे, तर आपल्याच वार्षिक अंकामुळे. गेल्या पावसाळ्यात अंकाचे काम पाहणाऱ्या सरांनी मला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अंकांच्या फायली होत्या. माजी विद्यार्थ्यांचे निवडक लेखन पुन्हा छापावे असा त्यांचा विचार होता. मी तो मैत्रिणीच्या कोऱ्या लॅपटॉपला लावला. पेजमेकरच्या फायली उघडल्याच नाहीत. वर्डच्या उघडल्या, पण त्यांत मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, डॉलरच्या खुणा, डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि ओ, अशी खिचडी पानेच्या पाने पसरली होती. कोणाची तरी कविता होती ती! ओळी आखूड होत्या म्हणून तेवढे कळले. संध्याकाळी तोच पेनड्राइव्ह दुकानातल्या मागच्या, भंगारात निघालेल्या संगणकाला लावला, आणि कविता जशीच्या तशी समोर आली.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगते. कारण आपल्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा, हे आधी ठरवावे लागते. पूर्वी छपाईसाठी जे देवनागरी फाँट तयार झाले त्यांतल्या बहुतेकांनी एक युक्ती केली होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांवरच त्यांनी क, ख, काना, वेलांटी यांची चित्रे बसवली. फाँट असला की चित्र दिसे; फाँट काढला की खालची रोमन अक्षरे उघडी पडत. शिवाय प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. श्रीलिपीत टंकलेले आकृतीत वाचता येत नसे, आणि आकृतीतले कृतिदेवमध्ये. म्हणजे मराठी दिसत होती, पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. आणि ती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला आणखी एक कुलूप. आमच्या संचाचे कुलूप संगणकाच्या पाठीमागे पॅरलल पोर्टवर बसवावे लागते. नव्या संगणकांना तसला पोर्ट सहसा नसतोच!

या गोंधळावरचा उपाय नवा नाही. भारतीय मानक संस्थेचे 'इस्की' हे मानक १९९१ सालचे, आणि जगातल्या सगळ्या लिप्यांना स्वतंत्र आकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यात देवनागरी होती. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी लिहिण्याची सोय आली आणि तिच्यासोबत 'मंगल' हा फाँट आला. मंगलची अक्षरे रेखाटली ती प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार आणि मराठी कवी असलेले हे गृहस्थ पवईच्या आय.आय.टी.त शिकवत, आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे आजच्या सी-डॅकच्या मुंबई केंद्रात, त्यांनी देवनागरी अक्षरांवर काम केले. जुहू म्हणजे सांताक्रूझच्या पश्चिमेचा शेजार. जगभरच्या संगणकांवर देवनागरी ज्या वळणाने उमटली ते वळण आपल्या इतक्या जवळच्या माणसाच्या हातचे आहे, हे मला या वादापायी शोध घेईपर्यंत माहीत नव्हते. प्रणाली पुढे बदलत गेल्या. मंगल फाँट आता मागाहून उतरवून घ्यावा लागणाऱ्या फाँटांत गेला. पण त्या काळात मंगलमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही फाँटात आजही वाचता येतो, कारण त्याच्या मुळाशी युनिकोड आहे. त्याच सुमारास जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर मात्र एका मरू घातलेल्या डब्यात कैद आहे.

तेव्हा दुरुस्तीवाल्या मुलाच्या सल्ल्याने काकांनी मागचा संगणक खरोखरच भंगारात दिला असता, तर त्याच्याबरोबर काय काय गेले असते? पंधरा वर्षांतले अहवाल, स्मरणिका, कोणाच्या आजोबांनी टंकून घेतलेली आठवणींची वही, आणि आपल्या महाविद्यालयाच्या कित्येक मुलामुलींचे पहिलेवहिले छापील लेखन. काहींची पी.डी.एफ. आहे, ती वाचता येते. पण तिच्यातून एखादा शब्द शोधायला जा, किंवा परिच्छेद उचलायला जा. पुन्हा तीच खिचडी हाती येते.

"मग कन्व्हर्टर आहेत की," असे कोणी म्हणेल. आहेत, आणि ते पुष्कळ काम करतात. पण सगळे नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर असते, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराचे याच्या उलट. अक्षरांची ही पालटापालट करताना यंत्र अडखळते. आणि आपल्या मराठीतला तो खास आडवा 'र' तर अनेकदा त्यात गळून पडतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्राचे अंतर आहे. एका जुन्या अहवालात समारंभाच्या शेवटी 'आचाऱ्यांना' बिदागी दिल्याची नोंद होती. कन्व्हर्टरमधून ती बाहेर आली तेव्हा बिदागी 'आचार्यांना' मिळाली होती. स्वयंपाक्याचा मान असा गुरुजींना गेला! यंत्राला दोन्ही सारखेच. चूक पकडायला मराठी जाणणारे डोळेच लागतात.

आणि येथेच मला या विषयाचा आणि कला शाखेचा संबंध दिसला. संगणक जाणणारे पुष्कळ आहेत. पण जुना मजकूर नव्या आकड्यांत आणताना तो मराठी राहिला की नाही, हे पाहणार कोण? ते काम आपले आहे.

खर्चाचे बोलल्याखेरीज मात्र हा विषय पुरा होत नाही, कारण काकांच्या हटामागे खरे कारण तेच आहे. नवा संगणक, नवा प्रिंटर, नवे सॉफ्टवेअर यांची बेरीज दुकानाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी होते. कंपनीने विंडोज १० साठी मुदतवाढीची योजना जाहीर केली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ३० डॉलर भरून, किंवा कंपनीच्या खात्याला संगणक जोडून पैशांशिवाय. धंद्याच्या संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षे. धडधाकट चालणारा संगणक केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद ठरावा, याचा काकांना राग येतो, आणि तो मला अन्याय्य वाटत नाही. सुरक्षेसाठी नवी सोय हवी हे खरे. पण ज्याला ती परवडत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर यंत्र विकणाऱ्याने सहसा दिलेले नसते.

दुसरा मार्ग आहे तो लिनक्सचा. ही कार्यप्रणाली विनामूल्य आहे, जुन्या संगणकावर चालते, तिला ठिगळे नियमित मिळतात, आणि युनिकोड मराठी तिच्यावर उत्तम लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली २००७ साली काढली. पण हा मार्ग काट्यांशिवायचा आहे असे मी म्हणणार नाही. आम्ही पुढच्या संगणकावर लिनक्स घालून पाहिली, तेव्हा अर्ज भरण्याचे काम पहिल्या दिवसापासून नीट चालले. जुन्या लेझर प्रिंटरने मात्र तीन दिवस दाद दिली नाही. त्या तीन दिवसांत गिऱ्हाईके शेजारच्या दुकानात गेली. काकांची बोटे टंकलेखन यंत्रावर घडलेली. नव्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ती अडखळतात. साठीच्या माणसाला "शिकून घ्या की" म्हणणे सोपे असते. आपण कोणती नवी गोष्ट इतक्या सहज शिकतो?

तेव्हा माझे मत असे बनले आहे. बदलावे की बदलू नये, असा एकच प्रश्न सगळ्या संगणकांना लावणे चूक आहे. ज्या संगणकावर लोकांचे कागद येतात आणि जो इंटरनेटला जोडलेला आहे, तो दुरुस्ती मिळत असलेल्या प्रणालीवरच असला पाहिजे. मग ती विकतची असो वा विनामूल्य. त्यात चालढकल नको. ज्या संगणकात जुनी अक्षरे आहेत तो फेकू नये. त्याची इंटरनेटची वायर काढावी आणि त्याला जपावे. पण तो आता कामाचे टेबल राहू नये. त्याच्यात नवे काही लिहू नये. आहे ते शक्य तितक्या लवकर युनिकोडमध्ये आणून, तपासून, दोन ठिकाणी साठवून ठेवावे. यंत्र केव्हाही मरेल. अक्षरे त्याच्याआधी बाहेर आली पाहिजेत.

आमच्या दुकानात आता साधारण असेच ठरले आहे. मागच्या संगणकाची वायर काकांनी स्वतः काढली. पुढच्यावर लिनक्स राहिली आहे, आणि अर्ज भरून झाला की त्या माणसाच्या समोरच त्याच्या फायली पुसायच्या, असा नियम मी हट्टाने करून घेतला आहे. काका अजून कुरकुरतात. "तुझ्या त्या लिनक्समध्ये बटणं कुठे कुठे लपवलीत!" असे रोज एकदा तरी म्हणतात. पण नवी लग्नपत्रिका त्यांनी परवा युनिकोडमध्ये जुळवली. तिच्यात वेळ मात्र दुप्पट गेला, हेही सांगितले पाहिजे.

शेवटी एक विनंती, आणि ती आपल्या महाविद्यालयाला आहे. आपल्या कार्यालयातही विद्यार्थ्यांचे कागद संगणकावर असतात. त्यांतला कोणता संगणक कोणत्या प्रणालीवर आहे, याची एक साधी यादी करायला एक दुपार पुरेल. आणि वार्षिक अंकाच्या जुन्या फायली माझ्याकडे आहेत. द्वितीय आणि तृतीय वर्ष मराठीच्या दहा जणांनी आठवड्याला दोन तास दिले, आणि आपल्या प्राध्यापकांनी अखेरचा हात फिरवला, तर पुढच्या वर्षीच्या अंकापर्यंत निदान पाच अंक तरी युनिकोडमध्ये आणता येतील असा माझा अंदाज आहे. त्या दिवशी टोप्या घातलेल्या ए-ओंच्या खाली लपलेली ती आखूड ओळींची कविता मी आता टंकून, तपासून ठेवली आहे. लिहिणारी तेव्हा द्वितीय वर्षातच होती. कविता फार थोर आहे असे मी म्हणत नाही. पण ती तिची आहे आणि ती वाचता आली पाहिजे.

आपलाही हा अंक कोणीतरी वीस वर्षांनी उघडेल. त्याला त्यात मराठी दिसावी, एवढीच इच्छा. चूकभूल द्यावी घ्यावी.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला